दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर?

पावसाळ्यात नाशिककर पुराचा आकडा नंतर विचारतात. आधी विचारतात, "मारुतीला कुठवर लागलंय?"

रामकुंडाजवळ, गोदेच्या पात्रातच हा दुतोंड्या मारुती उभा आहे. गुडघे, कंबर, छाती, गळा. गावाची पूरपट्टी ती हीच. गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सुटलं, ते हल्ली मोबाइलवर घरबसल्या कळतं. पण शेजारच्यानं तो मेसेज वाचला की नाही, कुणास ठाऊक! मारुतीचं तसं नाही. घाटावरचा भांडीवाला त्याच्याकडे बघतो, पलीकडे फुलवालाही तिकडेच बघत असतो, आणि दोघांना एकमेकांचं ते बघणंही दिसतं. नाव दुतोंड्या, पण सांगतो सगळ्यांना एकच.

म्हणून तर पाणी छातीकडे सरकलं, की कुणाच्या हुकमाची वाट न बघता माल माळ्यावर चढायला लागतो. एकट्यानंच आवरलं तर लोक हसतील. सगळेच आवरताहेत म्हटल्यावर कोण कुणाला हसणार?

तरी वाद होतोच. समजा, एकाच दुकानातले काका-पुतण्या.

"काका, धरणाचा विसर्ग कमी केलाय. कशाला हलवताय?"

"अरे, धरणाखाली किती कोसळतोय ते बघ. होळकर पुलाखाली तेही पाणी येतं."

१९७६ मध्ये रॉबर्ट ऑमन या गणितज्ञानं याच गोष्टीवर एक सिद्धांत मांडला. दोघंही तर्कानं चालणारे, दोघांचा मुळातला अंदाज सारखा, आणि कुणाला काय वाटतं हे दोघांमध्ये अगदी उघड. असं असेल तर त्यांचे अंदाज वेगळे राहूच शकत नाहीत. कारण समोरच्याचं मत हीसुद्धा एक खबरच असते. काका उगाच घाबरणारे नाहीत, तरी टोपं हलवताहेत, म्हणजे त्यांना काहीतरी दिसलंय. एवढं पुतण्यानं ओळखायला हवं. ऑमन यांना पुढे २००५ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

पण मुळातला अंदाज सारखा, ही अटच भारी अवघड. काकांनी १९६९ चा महापूर पाहिलाय. पाणी कुठवर आलं होतं ते सांगता येतं. तेव्हाची धडकी काही सांगून पुतण्याला भरत नाही.

शेवटी तो कुरकुरत शिडी लावतो.

दुसऱ्या दिवशी पूर ओसरतो. पायऱ्यांवर घोटाभर गाळ. आणि घाटावर नवाच वाद पेटलेला: रात्री पाणी मारुतीच्या गळ्याला टेकलं होतं, की छातीलाच थांबलं होतं?