टोपली उचलली की कळतं

नमस्कार मंडळी, ऐकताय ना? आज आवाज जरा बसलाय माझा, सांभाळून घ्या. कालच रात्री वेळासहून परत आलोय आणि दोन दिवस पहाटे साडेपाचला उठून पुळणीवर खारं वारं खात उभा होतो, तर घसा असा होणारच. वेळास म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातलं अगदी टोकाचं गाव, बाणकोटच्या किल्ल्याला वळसा घालून गेलं की लागतं. नाना फडणवीसांचं मूळ गाव तेच. पण आता कुणाला वेळास म्हटलं की नाना आठवत नाहीत, कासवं आठवतात, बिचारे नाना.

तर आज बोलायचंय ते तिथल्या कासव महोत्सवाबद्दल. महोत्सव म्हटल्यावर तुमच्या डोळ्यासमोर मांडव, स्पीकर, दीपप्रज्वलन, पाहुण्यांचं स्वागत असं काहीतरी आलं असेल ना? इथे त्यातलं काहीच नाही, आणि प्रमुख पाहुणे येतीलच याची गॅरंटी पण नाही. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दोन दिवस राहिलो आणि एक पिल्लू बघितलं नाही. सकाळी गेलो, शून्य, संध्याकाळी गेलो, शून्य, दुसऱ्या दिवशी परत तेच. माझं तोंड एवढं उतरलेलं की ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या काकूंनी भाकरी वाढता वाढता विचारलं, काय हो, घरी सगळं बरं आहे ना? मी म्हटलं काकू, सगळं बरं आहे पण एवढ्या लांबून आलो आणि कासवच नाही. तर म्हणाल्या, "आज नाय आली तर उद्या येतील, तुम्हीच चाललात घाईने, त्यांना कुठे घाई आहे?" आता यावर काय बोलणार.

ही गोष्ट सुरू कशी झाली ते भारी आहे. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांची माणसं या किनाऱ्यावर फिरत होती ती कासवांसाठी नाही, समुद्री गरुडाची घरटी शोधायला. आणि वाळूत त्यांना दिसली कासवाच्या अंड्यांची रिकामी टरफलं. विचारपूस केली तर कळलं की इथे ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवं येतात, अंडी घालतात, आणि माणसं ती काढून नेतात, काही खातात काही विकतात. त्यात कुणाला काही वाईट वाटायचं कारण पण नव्हतं, समुद्राने दिलेलं, घेतलं. माणसांनी सोडली तर कोल्हे आणि कुत्री टपलेलेच.

मग संस्थेने गावातल्याच माणसांना बरोबर घेतलं. पहाटे किनाऱ्यावर फिरायचं, माग शोधायचा, घरटं सापडलं की अंडी नीट काढून कुंपणात नेऊन ठेवायची. यांना कासवमित्र म्हणतात. कासवाचा माग म्हणजे वाळूत ट्रॅक्टरचं चाक फिरल्यासारखी नक्षी दिसते, पाण्यातून वर आलेली आणि परत पाण्यात गेलेली. मादी असते चाळीसएक किलोची, रात्री येते, मागच्या पायांनी हातभर खोल खड्डा काढते, तोंडाशी अरुंद आणि खाली फुगीर, आपल्या मडक्यासारखा. त्यात शंभर सव्वाशे अंडी, टेबल टेनिसच्या बॉलएवढी. मग वाळू लोटायची आणि स्वतःचं अंग आपटून आपटून ती चोपायची, आणि जायचं निघून. परत वळून बघत नाही. पोरांचं काय झालं, विषय संपला.

आणि ती अंडी हलवायची म्हणजे गंमत नाही. जशी काढली तशीच, उलटीपालटी न करता, तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवायची. मग पन्नासएक दिवस वाट बघायची, कमी जास्त ऊन असेल तसं. ऊन म्हटलं तर अजून एक ऐका, पिल्लू नर होणार की मादी हे वाळू किती गरम आहे त्यावर ठरतं, जास्त गरम असली की माद्या जास्त. मला हे कळलं तेव्हा पहिला विचार आला तो मार्चमधल्या आपल्या उकाड्याचा, आणि तो विचार काही फार बरा नव्हता.

आता महोत्सव. २००६ पासून सुरू आहे हा. फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास पिल्लं बाहेर पडायला लागतात तेव्हा लोक येतात, आणि गावात हॉटेल नाही तर लोकांच्या घरी राहतात. म्हणजे पडवीत गाद्या टाकलेल्या, मुंबईची एक फॅमिली, पुण्याचा कॉलेजचा ग्रुप आणि मी, सगळे ओळीत. सकाळी घावणे, दुपारी आमटी भात सोलकढी, रात्री कुळथाचं पिठलं. पैसे जातात थेट त्या घरात. मला विचाराल तर सगळी मेख इथे आहे. अंडी विकून जे काही मिळायचं त्यापेक्षा अंडी वाळूत राहू दिली तर जास्त मिळतं, हा हिशोब घराघरात कळला. नुसतं 'कासव वाचवा' असे बोर्ड लावून झालं असतं का हे? मला नाही वाटत.

बरं, प्रत्यक्षात होतं काय? सुरूच्या बनातून चालत गेलं की किनाऱ्यावर जाळीचं कुंपण. आत प्रत्येक घरट्याला तारखेची पाटी आणि वर उपडी घातलेली टोपली. शंभर दीडशे माणसं कुंपणाबाहेर, पोरं बापाच्या खांद्यावर. कासवमित्र आत जातो आणि एकेक टोपली उचलतो. पहिली, काही नाही. दुसरी, काही नाही. आणि मंडळी, एवढी माणसं असून तेव्हा फक्त लाटांचा आवाज येतो हो, आपल्याकडे लग्नात मंगलाष्टकं चालू असताना पण एवढं शांत कोणी बसत नाही.

काल सकाळी पाचव्या टोपलीखाली होती. अकरा. काळपट, तळहातात दोन मावतील एवढी, पाठीवर वाळू चिकटलेली. ती नेऊन पाण्यात सोडत नाहीत बरं का, पाण्यापासून थोडी लांब वाळूवर ठेवतात आणि त्यांची त्यांना चालू देतात. दोन्ही बाजूला दोऱ्या बांधलेल्या, माणसांनी त्याच्या मागे राहायचं.

इथे माझा एक गुन्हा कबूल करतो. दुसऱ्या वेळी गेलो होतो तेव्हा संध्याकाळची वेळ, अंधारत चाललेलं, फोटो नीट येईना म्हणून मी मोबाईलचा टॉर्च लावला. एक सेकंद. तर दोन पिल्लं समुद्र सोडून सरळ माझ्याकडे वळली! कारण ती उजेडाकडे जातात, उघड्या समुद्रावर आभाळ जास्त उजळ असतं त्यावरून त्यांना पाणी कळतं, आणि मी तिथे दुसराच समुद्र लावून बसलेलो. कासवमित्र माझ्यावर असा काही ओरडला, माझ्या अर्ध्या वयाचा मुलगा, की मी टॉर्च बंद करून मागच्या रांगेत जाऊन उभा राहिलो. बरोबरच होतं त्याचं. आता मी दुसऱ्यांना दटावतो, नवीन मुसलमान जास्त नमाज पढतो म्हणतात तसं.

ही गेलेली पिल्लं पुढे कुठे जातात हा प्रश्न प्रत्येक लहान मूल विचारतं, आणि मोठ्यांकडे उत्तर नसतं. मोठ्या माद्यांचं मात्र आता थोडं कळायला लागलंय. २०२२ च्या जानेवारी-फेब्रुवारीत रत्नागिरीच्या किनाऱ्यावर पाच माद्यांच्या पाठीवर सॅटेलाईट टॅग लावले, पहिली इथेच वेळासला, तिचं नाव प्रथमा. मग पुढच्या वर्षी गुहागरला लावलेली बागेश्री, ती खाली जात जात श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली. आणि उलट पण झालं, ओडिशात २०२१ ला साधा नंबरचा टॅग लावलेली एक मादी २०२५ ला गुहागरला अंडी घालताना सापडली. म्हणजे आपण म्हणतो 'आमची कोकणातली कासवं', ओडिशावाले म्हणतात आमची, आणि ती बिनधास्त दोन्हीकडे.

जायचं असेल तर एकच सांगतो, तारखा आधीपासून धरून बसू नका, पिल्लं कधी निघणार ते घरट्यांवर असतं, कॅलेंडरवर नाही, त्यामुळे गावात फोन करून विचारा आणि मग सुट्टी टाका. हरिहरेश्वरकडून येत असाल तर बागमांडल्याला जेट्टीवरून फेरीबोटीने गाडीसकट पलीकडे येता येतं, पोरांना तेवढीच मजा. आणि दोन मुक्काम ठेवा, एक नको.

काल त्या अकरातली दहा गेली पटापट. अकरावं मध्येच थांबलं, कोणाच्या तरी पावलाचा खड्डा होता वाळूत त्यात अडकलं. माझ्या शेजारच्या मुलीने आईचा हात ओढला, आई उचल ना त्याला. आई म्हणाली थांब. आम्ही सगळेच थांबलो, चांगली पाच सात मिनिटं. मग ते कडेवरून वर आलं, एक लाट आली आणि नंतर तिथे नुसता फेस. काकू मागे उभ्या होत्या, म्हणाल्या, "चला, झालं, घावणे गार होतायत."