मुलाखतीच्या आधी आपलं गाव वाचताना

(दृश्य : पुणे, सदाशिव पेठ. सकाळची अभ्यासिका.)

नागरी सेवा परीक्षेच्या मेन्सचा, म्हणजे मुख्य परीक्षेचा निकाल लागला आणि मुलाखत समोर आली की इथल्या काही टेबलांवरची पुस्तकं बदलतात. जिल्ह्याचं गॅझेटियर, म्हणजे सरकारी माहितीग्रंथ येतो. पदवीच्या वह्या घरून मागवल्या जातात. वर्तमानपत्रातलं जिल्ह्याचं पान, जे इतके महिने कुणी उघडलंही नव्हतं, ते आता आधी वाचलं जातं.

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत मुख्य परीक्षेचे गुण १७५० आणि मुलाखतीचे २७५. महाराष्ट्राच्या राज्यसेवा परीक्षेत मुलाखतीला पूर्वी १०० गुण असायचे, २०२५ च्या नव्या पद्धतीत ते २७५ झाले. केंद्रीय आयोगाच्या मुलाखतीत पास होण्यासाठी किमान गुणांची अट नाही. पण यादीतला क्रमांक इथं वर-खाली होतो, आणि कुठली सेवा मिळणार हे त्या क्रमांकावर ठरतं.

(दृश्य : दिल्ली, शहाजहान रोड. धोलपूर हाऊसचं प्रवेशद्वार.)

आत मुलाखत घेणारं बोर्ड : एक अध्यक्ष आणि काही सदस्य. साधारण अर्धा तास. कोणतं बोर्ड मिळणार, हे त्या दिवशीच कळतं. त्यांच्यासमोर उमेदवारानं स्वतः भरलेला सविस्तर अर्ज असतो. सगळे त्याला 'डॅफ' म्हणतात. जन्मगाव, शाळा, पदवीचा विषय, नोकरी, छंद, सेवांचा पसंतीक्रम. प्रश्नांचा मोठा भाग या रकान्यांतूनच निघतो, म्हणून तयारीची सुरुवातही तिथूनच व्हायला हवी.

समजा, उमेदवार मंगळवेढ्याचा आहे.

(दृश्य : मंगळवेढा, सोलापूर जिल्हा. ज्वारीचं रान.)

मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी प्रसिद्ध आहे आणि तिला भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या भागाचं खास पीक म्हणून कायदेशीर ओळख आहे, एवढं त्याला माहीत असतं. पुढचा प्रश्न येतो : मानांकनानं शेतकऱ्याच्या पट्टीत, म्हणजे माल विकून हाती येणाऱ्या पैशात काय फरक पडला? जिल्ह्यात उजनी धरणाचं पाणी पोचलं तिथं ऊस वाढला, मग ज्वारी कुणी करायची आणि का? तालुक्याच्या दक्षिणेकडची गावं वर्षानुवर्षं पाणी मागत आहेत, त्यांना काय सांगाल? याची उत्तरं क्लासच्या नोट्समध्ये सापडणार नाहीत. त्यासाठी गावी जावं लागेल, बाजार समितीत उभं राहावं लागेल, कृषी सहायकाशी आणि घरातल्या थोरल्यांशी बोलावं लागेल.

आणि मंगळवेढा म्हटलं की इथले बहामनी काळातले अधिकारी, संत दामाजीपंत आलेच. दुष्काळात लोक अन्नावाचून मरत असताना त्यांनी बहामनी राजवटीचं धान्याचं कोठार लोकांसाठी खुलं केलं. परवानगी नव्हती. पुढं विठ्ठल विठू महाराच्या रूपात बीदरच्या दरबारी गेला आणि त्यानं धान्याचे पैसे भरले, अशी कथा आहे. आता बोर्डातल्या सदस्यानं विचारलं : "तुम्ही जिल्हाधिकारी असता, तर ते कोठार उघडलं असतं का?"

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो, कारण इथं पाठ केलेलं काहीच उपयोगी पडत नाही. नुसतं 'हो' म्हटलं तर नियमांचं काय, हा उलटप्रश्न तयार असतो. नुसतं 'नाही' म्हटलं तर समोर उपाशी माणसं आहेत. विचार करणारा उमेदवार आजची चौकट आठवेल : आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा आहे, जिल्हा प्राधिकरणाचा प्रमुख जिल्हाधिकारीच असतो आणि तातडीच्या वेळी त्याला बरेच अधिकार आहेत. म्हणजे दामाजीपंतांना जे परवानगीविना करावं लागलं, त्यातलं पुष्कळ आज कायद्यात राहून करता येतं. धान्य वाटायचं, प्रत्येक पोत्याची नोंद ठेवायची, वरिष्ठांना त्याच वेळी कळवायचं. आणि कायदाच अपुरा पडला तर? तिथं उमेदवारानं स्वतःचं मत सांगावं आणि त्याची जबाबदारीही घ्यावी. बोर्डाला पाहायचा असतो तो हा तोल.

(दृश्य : अभ्यासिकेजवळची खोली. चार मित्र, एक खुर्ची समोर.)

मॉक, म्हणजे सरावाच्या मुलाखती जरूर द्याव्यात. हातांची चुळबुळ, प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देण्याची घाई, या गोष्टी दुसऱ्यालाच दिसतात. पण डझनभर मॉक देऊन प्रत्येकाचा सल्ला अंगाला लावून घेतला, तर उमेदवाराचं स्वतःचं बोलणं उरत नाही. मोजक्या द्याव्यात, आणि एखादी तरी आपल्याला न ओळखणाऱ्या माणसांसमोर. 'माहीत नाही' हे शब्दही तिथंच सरळ, मान खाली न घालता म्हणून पाहावेत. अंदाजानं ठोकलेलं उत्तर पुढच्या दोन प्रश्नांत उघडं पडतं.

मूळ प्रमाणपत्रं, साधे नीटनेटके कपडे, दिल्लीत राहायची सोय : हे आधीच उरकावं.

भाषेचा निर्णय मात्र वेळेत घ्यावा. केंद्रीय आयोगाची मुलाखत मराठीतून देता येते, सोबत दुभाषी असतो. ज्याला मराठीत विचार सुचतो त्यानं इंग्रजीच्या धाकानं तो सोडू नये. मात्र दुभाषी मध्ये असला की बोलण्याची लय बदलते : वाक्यं छोटी ठेवायची, थांबायचं, पुन्हा धागा धरायचा. 'पट्टी', 'जिरायत', 'पाळी' असे शब्द आले तर त्यांचा अर्थही लगेच सांगायचा. म्हणून किमान एक मॉक दुभाष्यासह व्हावा, आणि त्यात दामाजीपंतांचा प्रश्न जरूर विचारून घ्यावा.