टेकडीवरची खुर्ची

[दृश्य : सकाळचं कोवळं ऊन. लाल विटांच्या इमारती, चढाचा रस्ता, दप्तरं पाठीला लावून चाललेली मुलं.]

टॅलाहासी. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याची राजधानी. शहर सात टेकड्यांवर वसलंय असं इथे सांगतात, आणि त्यातल्या सगळ्यात उंच टेकडीवर कृष्णवर्णीयांसाठी उभं राहिलेलं हे सरकारी विद्यापीठ आहे. कागदोपत्री नाव फ्लोरिडा अ‍ॅग्रिकल्चरल अँड मेकॅनिकल युनिव्हर्सिटी. बोलताना फॅम्यू. जुने विद्यार्थी तेवढंही म्हणत नाहीत, नुसतं 'द हिल' म्हणतात.

तिथून जेमतेम मैलभरावर राज्याचं विधिमंडळ आहे. टेकडीवर कोण बसणार, हे बरेचदा तिथे खाली ठरत आलंय. 2025 च्या मे महिन्यात या विद्यापीठानं आपला तेरावा प्रेसिडेंट निवडला. आपण ज्याला कुलगुरू म्हणतो ते पद. ही निवड कशी होते, तिची एकेक पायरी कोणाच्या हातात असते, ते बघायला आपण इथे आलोय.

[दृश्य : कार्नेगी ग्रंथालयाची इमारत. दर्शनी खांब, मग आतल्या काचेच्या पेट्या.]

आधी ही जागा. इथे एके काळी हायवुड नावाचा मळा होता, विल्यम डुव्हाल या गव्हर्नरचा. गुलाम राबत होते त्या जमिनीवर. कृष्णवर्णीय शिक्षक घडवणारं सरकारी विद्यालय, म्हणजे या विद्यापीठाचं मूळ रूप, 3 ऑक्टोबर 1887 रोजी शहरात दुसरीकडे सुरू झालं, तेव्हा विद्यार्थी होते 15 आणि शिकवणारे 2. चार वर्षांनी, 1891 मध्ये, ते या टेकडीवर आलं. डुव्हालचा जुना वाडाच मुख्य इमारत झाला. 1905 मध्ये तो जळाला, पुस्तकांसकट. मग अँड्र्यू कार्नेगी यांनी दिलेल्या 10 हजार डॉलरमधून ही इमारत उभी राहिली. आज इथे कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचं दप्तरखाना-संग्रहालय आहे.

पहिले प्रेसिडेंट थॉमस डिसेल टकर. जन्म सिएरा लिओनचा, शिक्षण ओहायोतल्या ओबर्लिन कॉलेजात, पेशा वकिलीचा. त्यांना मुलांना साहित्य, गणित, शास्त्र शिकवायचं होतं. राज्याच्या अधिकाऱ्यांना हवी होती शेती आणि हातकाम. 1901 मध्ये टकर यांना जावं लागलं. त्यांच्या जागी आले नेथन यंग, तेही ओबर्लिनचेच. ते आधी टस्कीगीत, म्हणजे बुकर वॉशिंग्टन यांच्या हातकामावर भर देणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या संस्थेत, शिकवत होते, त्यामुळे हे हातकामाला धरून राहतील असा राज्याचा हिशेब असावा. यंग यांनी 22 वर्षं दोन्ही सांभाळलं, पण पुस्तकी शिक्षण सोडलं नाही. 1923 मध्ये राज्याच्या मंडळानं त्यांनाही काढलं.

[दृश्य : जुने कृष्णधवल फोटो, एकामागून एक, सावकाश.]

तेव्हा या टेकडीवर संप झाला. मंडळानं बसवलेल्या हंगामी प्रेसिडेंटच्या हाताखाली शिकायचं विद्यार्थ्यांनी नाकारलं. वर्ग ओस पडले, कितीतरी मुलं घरी निघून गेली, इमारतींना आगी लागल्या. 1924 मध्ये जे. आर. ई. ली आले तेव्हा कुठे घडी बसली. समोर दिसतंय ते सभागृह, ली हॉल, त्यांच्याच नावाचं. यंग इथून मिसुरी राज्यातल्या लिंकन विद्यापीठाचे प्रेसिडेंट होऊन गेले, आणि राजकारणानं त्यांना तिथेही टिकू दिलं नाही.

हे शंभर वर्षांपूर्वीचं कशाला उगाळायचं, असं कोणी विचारेल. या टेकडीवर ते जुनं झालेलं नाही, म्हणून. 1968 मध्ये फॅम्यूचं विधी महाविद्यालय राज्यानं बंद केलं. दोनच वर्षं आधी, याच शहरात, पूर्वापार गोऱ्यांच्या असलेल्या विद्यापीठात नवं विधी महाविद्यालय उघडलं होतं. फॅम्यूला आपलं परत मिळालं 2002 मध्ये, आणि तेही टॅलाहासीत नाही, ऑर्लँडोत. पुढे 2023 मध्ये केंद्राच्या शिक्षण आणि कृषी खात्यांच्या मंत्र्यांनी 16 राज्यांच्या गव्हर्नरना पत्रं लिहिली. त्यात फ्लोरिडाचा आकडा असा : 1987 ते 2020 या काळात, दर विद्यार्थ्यामागे फ्लोरिडा विद्यापीठाला मिळालं तेवढं मिळालं असतं, तर फॅम्यूकडे आणखी 1.97 अब्ज डॉलर आले असते. दोन्ही विद्यापीठं एकाच प्रकारची, सरकारी जमिनीच्या अनुदानावर उभी राहिलेली. राज्यही तेच.

म्हणून इथे प्रेसिडेंट बदलायची वेळ आली की माजी विद्यार्थी परगावाहून गाड्या काढून येतात.

[दृश्य : हिरव्या-नारिंगी टोप्या, पदवीदान समारंभ.]

आता अलीकडचं. 4 मे 2024, पदवीदानाचा दिवस. व्यासपीठावर एक भलामोठा चेक आणला गेला. आकडा 23 कोटी 70 लाख डॉलर. कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठाला एका माणसानं दिलेली आजवरची सर्वांत मोठी देणगी, असं जाहीर झालं. टाळ्या थांबेनात.

काही दिवसांतच देणगी थांबवावी लागली. चुकलं काय, ते नीट बघण्यासारखं आहे. देणगी रोख नव्हती, खासगी कंपनीच्या शेअर्समध्ये होती. हे शेअर्स बाजारात खरेदी-विक्रीला नसतात, त्यामुळे त्यांची किंमत तिऱ्हाइताकडून ठरवून घ्यावी लागते. ती घेतलेली नव्हती. आणि ती घ्या, असं म्हणू शकणारी माणसं खोलीबाहेर होती. व्यवहारात असलेल्या मोजक्या अधिकाऱ्यांनी गोपनीयतेच्या करारावर सह्या केल्या होत्या. देणग्या सांभाळणं हेच ज्या फाउंडेशनचं काम, त्याच्या संचालकांना पत्ता नव्हता. नंतर नेमलेल्या चौकशीत निघालं ते हेच. जुलैमध्ये प्रेसिडेंट लॅरी रॉबिन्सन यांनी पद सोडत असल्याचं जाहीर केलं. ऑगस्टपासून हंगामी प्रेसिडेंट आले, आणि नव्याचा शोध सुरू झाला.

गुप्ततेनं एवढं पोळल्यावर हा शोध तरी उघड्यावर होईल, असं वाटणं साहजिक होतं. कायद्यानं ती वाट आधीच बंद केली होती.

[दृश्य : लांबट टेबल, नावाच्या पाट्या, पाण्याचे ग्लास. खुर्च्या अजून रिकाम्या.]

पायरी पहिली, शोध समिती. राज्याच्या नियमानुसार जास्तीत जास्त 15 जण. त्यांत विश्वस्त किमान 3, राज्यातल्या सरकारी विद्यापीठांवर देखरेख करणाऱ्या बोर्ड ऑफ गव्हर्नर्सचा प्रतिनिधी, शिवाय प्राध्यापक, विद्यार्थी, माजी विद्यार्थी, फाउंडेशनचे लोक. नेमतं कोण? विश्वस्त मंडळाचा अध्यक्ष. निवडणूक होत नाही. समिती जाहीर होते त्या दिवशी बातमी चार ओळींची येते आणि कोणी फिरकत नाही. आमचं म्हणणं असं, की गर्दी करायची तर याच दिवशी करावी. मतदानाच्या दिवशी हॉल भरतो खरा, पण तोवर फार थोडं ठरायचं उरलेलं असतं.

पायरी दुसरी, पदाचं वर्णन. दोन-तीन पानांचा कागद. त्यात काय मागितलंय यावर कोणाचा अर्ज चाळणीत राहणार ते ठरतं. 'पीएच.डी. आणि प्राध्यापकीचा अनुभव आवश्यक' असं लिहिलं तर एक यादी बनते. पुढे 'किंवा इतर क्षेत्रातील तोलामोलाचा अनुभव' हे शब्द जोडले की यादी वेगळीच होते. विधिमंडळाशी चांगले संबंध, निधी उभारण्याची हातोटी, या अटी वर चढल्या की राजकारणातली आणि उद्योगातली माणसं वर सरकतात. चूक आहे असं नाही, सरकारी विद्यापीठाला विधिमंडळाकडूनच पैसा आणायचा असतो. पण हा निर्णय आहे, आणि तो अर्ज येण्याआधी, मसुद्यातल्या एका ओळीत होऊन जातो. मसुदा वाचून त्यावर बोलायला जे बसतात, ते बोटांवर मोजण्याइतके.

पायरी तिसरी, अर्ज. फ्लोरिडात 1967 पासून एक कायदा आहे, त्याला लोक 'सनशाइन लॉ' म्हणतात. सरकारी कामकाज उन्हात व्हावं, म्हणजे सगळ्यांना दिसेल असं. 2022 पर्यंत प्रेसिडेंटपदासाठी कोणी अर्ज केला हे कोणालाही मागवून बघता येत होतं. 2022 मध्ये विधिमंडळानं त्याला अपवाद केला. या राज्यात असा अपवाद करायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतात, ती मिळाली. तेव्हापासून अर्जदारांची नावं झाकलेली, त्यांना पारखणाऱ्या बैठकाही झाकलेल्या. अपवादाच्या बाजूनं सांगितलेलं कारण असं : नाव फुटलं तर आहे ती नोकरी धोक्यात येते, म्हणून चांगले लोक अर्जच करत नाहीत. कारण अगदीच पोकळ नाही. पण त्याची किंमत कोण मोजतं? समितीवरचा विद्यार्थी आणि समितीवरचा प्राध्यापक. आपल्या माणसांना जाऊन काही सांगायची त्यांना सोय नाही. कोणता अर्ज कितव्या तारखेला आला, कोण गळलं, कोण मागाहून यादीत चढलं, हे बाहेरच्याला ताडून बघता येत नाही.

[दृश्य : हॉल. माइकपुढे रांग. प्रश्न विचारणाऱ्यांचे चेहरे जवळून.]

पायरी चौथी, अंतिम यादी. समितीनं साधारणपणे दोनहून जास्त नावं द्यायची असतात. अंतिम यादी ठरली की नावं उघड होतात, आणि ती निर्णयाच्या किमान 21 दिवस आधी उघड व्हावीत असं कायदा म्हणतो. फॅम्यूच्या यादीत चौघं होते. एक जण फॅम्यूचेच माजी विद्यार्थी आणि तेव्हाचे मुख्य कार्यचालन अधिकारी (सीओओ). दुसरे मेरीलँडमधल्या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठाचे प्रोव्होस्ट, म्हणजे शैक्षणिक कारभाराचे प्रमुख. तिसरे सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाचा आर्थिक कारभार पाहणारे. चौथ्या मार्व्हा जॉन्सन. वकील, केबल आणि इंटरनेट पुरवणाऱ्या चार्टर कम्युनिकेशन्स या कंपनीत सरकारी संबंध सांभाळणाऱ्या वरिष्ठ अधिकारी, आणि काही वर्षं राज्याच्या शिक्षण मंडळाच्या अध्यक्ष. स्वतः कृष्णवर्णीय. विद्यापीठ चालवण्याचा अनुभव नाही, ही त्यांच्याविरुद्धची मुख्य तक्रार. राजधानीत वजन आहे, ही त्यांच्या बाजूची.

मग या खुल्या बैठका. माइकपुढची ही रांग बघा. विद्यार्थ्यांचा वर्ग बुडतोय, कोणी कामावरून सुट्टी घेऊन आलंय. काही तासांत चार माणसं पारखायची.

[दृश्य : विश्वस्तांची बैठक. हात वर होतात. कॅमेरा प्रेक्षकांवर.]

पायरी पाचवी. हे दृश्य आम्ही कापलेलं नाही. 16 मे 2025. मार्व्हा जॉन्सन यांच्या बाजूनं 8, विरोधात 4.

विश्वस्त मंडळ 13 जणांचं. त्यातल्या 6 जणांना राज्याचा निवडून आलेला गव्हर्नर नेमतो. 5 जणांना नेमतं बोर्ड ऑफ गव्हर्नर्स. उरलेले दोघं म्हणजे प्राध्यापकांच्या सिनेटचा अध्यक्ष आणि विद्यार्थ्यांचा अध्यक्ष. आता बोर्ड ऑफ गव्हर्नर्सकडे वळा. नावात गव्हर्नर असले तरी ही राज्यातल्या सगळ्या सरकारी विद्यापीठांवर देखरेख करणारी संस्था आहे. तिथे 17 जण, आणि त्यातले 14 गव्हर्नरनंच नेमलेले. म्हणजे टेकडीवरच्या 13 पैकी 11 खुर्च्यांचा धागा ओढत गेलं की तो एकाच कार्यालयात पोचतो. टेकडीनं स्वतः निवडून पाठवलेले असे दोनच. कोणी कसं मत दिलं याची चर्चा रंगते. हा हिशेब मात्र क्वचित कोणी मांडतं.

[दृश्य : कराराचा कागद, आकड्यावर बोट.]

मतदानानंतर करार. मूळ पगार वर्षाला 6 लाख 50 हजार डॉलर. फ्लोरिडाच्या कायद्यानं प्रेसिडेंटच्या पगारासाठी राज्याच्या तिजोरीतून 2 लाखच देता येतात. वरचे साडेचार लाख विद्यापीठानं इतर मार्गानं उभे करायचे, बहुतेक ठिकाणी ते फाउंडेशनकडून येतात. फाउंडेशनचा पैसा म्हणजे माजी विद्यार्थ्यांनी पाठवलेला, कोणाचे पन्नास डॉलर, कोणाचे पाचशे. निवडीवर नाराज असलेल्यांचाच हात आखडता झाला तर पगाराचं हे गणित बिघडतं. म्हणून मंडळानं करार करताना सही कोणत्या खात्यावर पडतेय, ते आधी पाहावं लागतं.

शेवटची पायरी बोर्ड ऑफ गव्हर्नर्सच्या मंजुरीची. 18 जून रोजी ती मिळाली. 1 ऑगस्टला जॉन्सन यांनी कारभार हाती घेतला.

[दृश्य : मैदान. ट्युबा, ढोल, घामेजलेले टी-शर्ट. पावलं एका वेळी उचलली जातात.]

ऑगस्टचं ऊन. हा 'मार्चिंग 100', 1946 मध्ये विल्यम फॉस्टर यांनी बांधलेला बँड. फ्रेंच राज्यक्रांतीला 200 वर्षं झाली तेव्हा, 1989 मध्ये, पॅरिसच्या रस्त्यावर अमेरिकेतर्फे हाच बँड चालला होता. गुडघा कमरेएवढा वर, पायाचा चवडा जमिनीकडे. नवी मुलं पहिले काही दिवस वाद्य न घेता नुसती पावलंच घोटतात.

[दृश्य : पुन्हा कार्नेगी ग्रंथालय. दुपार. आतला शांत दिवाणखाना.]

टकर, यंग, ली यांच्या काळाचा माग घ्यायचा तर लोक या इमारतीत येतात. 2025 च्या निवडीचेही काही कागद कधीतरी इथे येतील : समितीची यादी, पदाचं वर्णन, चार नावं, आठ आणि चार मतं. बाकीचे अर्ज कोणाचे होते, ते त्यांत नसेल. ती नावं कायद्यानं झाकलेलीच राहणार आहेत.