थांबायला पैसा लागतो

नमस्कार मंडळी! जेवणं उरकली नसतील तर ताट घेऊनच बसा, आज सिनेमात गेलेल्या आपल्या पोरांबद्दल बोलायचंय.

सिनेमाचं नाव काढलं की आपण कोल्हापूरवाले कॉलर ताठ करतो, आणि का करू नये, बाबूराव पेंटरांनी कॅमेरा इथं स्वतः बनवला, १९२० ला 'सैरंध्री' आणला, १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी इथंच सुरू झाली, १९३३ ला पुण्याला गेली. पण त्या कंपन्यांत नट पगारावर असायचे, हे आपण विसरतो. शांतारामबापू पेंटरांकडं पडेल ते काम करत शिकले. साध्या घरातला पोरगा टिकायचा, कारण महिन्याला घरात पीठ येत होतं. स्टुडिओ गेले, पगार गेला, आता नट म्हणजे रोजंदारी. आणि चांगल्या रोलसाठी थांबायला पैसा लागतो. परत सांगतो, थांबायला पैसा लागतो.

आता आमच्या पेठेतल्या एका पोराचं सांगतो, नाव नको. वडील गूळ मार्केटला हमाल, आई शिवणकाम करणारी. युवा महोत्सवात बक्षिसं घ्यायचा, केशवराव भोसले नाट्यगृहात त्याचं काम बघून मी स्वतः रडलोय. (ते नाट्यगृह ऑगस्ट २०२४ ला जळालं तेव्हा कोल्हापुरात कुणाला झोप लागली नसेल, शाहू महाराजांनी बांधलेलं, आणि मी म्हणतो असली वास्तू जपायला जो पैसा लागेल तो आधी काढा, रस्त्यावरच्या कमानी नंतर करा.) असो. तर हा मुंबईला गेला. चौघांत एक खोली, डिपॉझिटसाठी आईनं पाटल्या मोडल्या. बॅगेत कायम तीन शर्ट, एक इस्त्रीचा ऑफिसवाल्यासाठी, एक खाकी हवालदारासाठी, एक मळका. त्याला सारखा मळकाच काढायला लागायचा. एका ऑडिशनला कास्टिंगवाल्यानं त्याच्याकडं बघितलं आणि हातात ट्रे दिला, म्हणाला डायलॉग राहू दे, फक्त चालून दाखव. चालून दाखवलं, सिलेक्ट झाला. हिंदी सिरियल, मोठा बंगला, हा नोकर. रोजचं काम होतं, पण पेमेंट ९० दिवसांनी, म्हणजे पहिले तीन महिने उधारीवर काढायचे.

त्याच महिन्यात त्याला एका मराठी सिनेमात चांगला रोल चालून आला होता. मानधन थोडं, तेही पुढं कधीतरी. इकडं बहिणीचं लग्न ठरलेलं. सिरियल घेतली. तो सिनेमा त्याच्या रूममेटनं केला, ज्याच्या घरून दर महिन्याला पैसे यायचे. दोघंही चांगले नट आहेत, मी दोघांचंही काम बघितलंय.

इकडं आमच्या पेठेत रात्री मावशीच्या, म्हणजे त्याच्या आईच्या, घरात सगळी गल्ली गोळा. "आला आला!" म्हणून ओरडायची पोरं, कारण कोपऱ्यात ट्रे धरलेला हा दिसायचा. "जी साहब," संपलं. महिने गेले असेच. मग दिवाळीला आला घरी, आणि मावशीनं त्याला चकली वाढता वाढता विचारलं, "व्हय रं, ती सगळी सोफ्यावर बसल्यात, तू कवा बसणार?"

तो काही बोलला नाही. मुंबईला जाऊन कोऑर्डिनेटरला सांगितलं, नोकर सोडून काहीही द्या. पुढं कितीतरी महिने फोनच नाही. डबिंग केलं, दुसऱ्यांच्या मुलांना नाटक शिकवलं, भाडं थकलं तेव्हा मावशीनं रात्री जागून ब्लाऊज शिवले. त्याचा तो नकार मला कुठल्याही बक्षिसापेक्षा मोठा वाटतो, मी कुठंही सांगीन. पण तो नकार मावशीच्या मशीनवर चालला होता, हे पण सांगायला पाहिजे. ज्याच्या घरी मशीनसुद्धा नाही त्यानं काय करायचं? तो ट्रे धरून उभाच राहणार.

आणि हिंदीवाल्यांनी मराठी बोलणारं माणूस दिसलं की कामवाली नाहीतर हवालदार करायचं, हे आता बंद करावं, मला याचा मनापासून राग येतो.

निळूभाऊ फुले आधी पुण्यात माळीकाम करायचे, सेवा दलाच्या कलापथकातून पुढं आले. असा माणूस आजच्या ऑडिशनच्या रांगेत उभा राहिला तर त्याला काय मिळेल, विचार करा. चेहरा बघून ठरवतात, मंडळी. इंग्रजी येतं का, जिमला जातो का, अंधेरीत राहतो का. हे सगळं पैशानं येतं.

म्हणून सांगतो, निर्मात्यांनी ९० दिवस लावू नयेत, छोट्या नटाचे पैसे महिन्याच्या महिन्याला द्यावेत. ऑडिशनला बोलावलं तर निदान गाडीभाडं द्यावं. आणि आपल्यातल्या ज्यांचं बरं चाललंय, त्यांनी गल्लीतलं पोरगं निघालं की हार-तुरे, फ्लेक्स यात पैसा घालू नये, त्याच्या सहा महिन्यांच्या खोलीभाड्याची सोय करून द्यावी. आमच्या पेठेतल्या दोघा-तिघांनी यंदापासून सुरू केलंय.