आधी टेबल बाहेर

[दृश्य: रिकामी खोली. दोघं जण टेबल उचलून बाहेर नेतात.]

टेबल बाहेर, मगच खुर्च्या. रुग्णांसाठी दहा, चर्चा चालवणाऱ्यांसाठी दोन. या दोन खुर्च्या शेजारीशेजारी ठेवायच्या नाहीत, समोरासमोर ठेवायच्या. एक जण बोलत असताना त्याच्या डावी-उजवीकडचे चेहरे दुसऱ्यानं वाचायचे असतात.

आज इथे रुग्ण नाहीत. डॉक्टर, परिचारिका आणि समाजसेवक आलेत, गटचर्चा चालवायला शिकायला. विषय, भावी उपचारांचं आगाऊ नियोजन. उद्या आपल्याला बोलता आलं नाही तर आपल्या वतीनं कोण बोलेल आणि काय बोलेल, हे आजच घरच्यांशी बोलून ठरवायचं.

एकेका रुग्णाशी हे बोलायचं तर तपासणीच्या घाईत उरकावं लागतं. गटात वेळ मिळतो. आणि डॉक्टरांनी दहादा सांगून न पटलेलं शेजारच्या खुर्चीतल्या माणसानं सांगितलं की पटतं. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात बेतलेल्या पद्धतीत आठ-दहा रुग्ण असतात आणि दोन-दोन तासांच्या दोन बैठका, मध्ये महिनाभराचं अंतर. त्या महिन्यात घरी जाऊन विचारायचं असतं, ‘माझ्या वतीनं तू बोलशील का?’

[दृश्य: सराव. सहकारीच रुग्ण झालेत.]

सुरुवातीलाच उपचारांबद्दलच्या इच्छा लिहून द्यायचा फॉर्म वाटला गेला. बघा, सगळ्या माना खाली. चर्चा संपली, परीक्षा सुरू झाली. फॉर्म शेवटी काढायचा, बऱ्याचदा तर दुसऱ्याच बैठकीत.

मग दुसरे डॉक्टर विचारतात, “व्हेंटिलेटर हवा की नको?” ज्यानं तो पाहिलेलाच नाही, तो काय उत्तर देणार? त्याऐवजी हे विचारून बघा, “घरात कुणाचं मोठं आजारपण काढलंय का? तेव्हा काय बरं झालं, काय नको झालं?”

[दृश्य: प्रशिक्षकाच्या हातातलं स्टॉपवॉच.]

प्रश्न विचारला की दहा सेकंद गप्प. तिसऱ्याच सेकंदाला डॉक्टरांचे ओठ हलतात. पुन्हा. या वेळी सहा. पुन्हा.

[दृश्य: मांडीवर पसरलेले पत्ते.]

हे ‘गो विश’ पत्ते. एकूण 36, त्यातल्या 35 पत्त्यांवर एकेक इच्छा, आणि एक पत्ता आपल्या मनातल्या इच्छेसाठी मोकळा. गठ्ठे तीन, फार महत्त्वाचं, थोडं महत्त्वाचं, महत्त्वाचं नाही. ‘घरच्यांवर ओझं नको’ हा पत्ता पहिल्या गठ्ठ्यात गेला की शिकाऊ माणूस मान डोलावून पुढे सरकतो. इथे अडायचं. ओझं म्हणजे काय? एकाला खर्च म्हणायचं असतं, दुसऱ्याला मुलीनं अंघोळ घालणं. दोघांचे निर्णय वेगळे निघतात.

एकच जण बोलत सुटला तर त्याचं वाक्य उचलून पलीकडे द्यायचं, “यांनी खर्चाचं म्हटलं, तुम्हाला काय वाटतं?” कुणी विचारलं, “माझ्याकडे किती दिवस आहेत?”, तर उत्तर गटात नाही, बैठकीनंतर एकट्याला, आणि तसं तिथल्या तिथे सांगायचं. कुणाला रडू आलं की टिश्यू लगेच पुढे करायचा नाही. समोरच्याला तो ‘आता पुरे’ असा वाटू शकतो. डबा हाताशी असला की झालं.

शेवटी प्रत्येकाला आपल्या शब्दांत सांगायला लावायचं की घरी जाऊन कुणाशी आणि काय बोलणार. नुसतं “समजलं ना?” विचारलं तर सगळे हो म्हणतात.

बोलणं झालं की ते रुग्णाच्या नोंदीत जातं, प्रत रुग्णाच्या वतीनं बोलणाऱ्या प्रतिनिधीकडे. नोंद करायची राहून गेली, तर रात्री दोनला ड्युटीवरच्या डॉक्टरांना यातलं काहीच कळत नाही.

[दृश्य: खुर्च्या पुन्हा गोलात सरकतात.]

पुढची फेरी. मघाचे रुग्ण आता चर्चा चालवणार. स्टॉपवॉच शून्यावर. प्रश्न विचारला गेलाय.

[दहा सेकंद निवेदन नाही. फक्त खोलीचा आवाज.]