खोताची वाडी, गिरगाव

नमस्कार मंडळी! आज आपण गिरगावातल्या एका गल्लीत जाणार आहोत, खोताच्या वाडीत. आधी आजूबाजूची नावं ऐका, फणसवाडी, केळेवाडी, कांदेवाडी, आंबेवाडी. आता तिथं चाळी आहेत, टॉवर आहेत, ट्रॅफिक आहे, पण एकेकाळी हा सगळा बागायतीचा भाग होता आणि ते सांगायला आता ही नावंच तेवढी उरलीत.

खोताची वाडी मात्र माणसाच्या नावाची. अठराव्या शतकाच्या शेवटी दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांची ही जमीन होती. खोत म्हणजे कोण ते कोकणातल्या लोकांना सांगायला नको, गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणारा आणि त्या जोरावर कुळांना नाचवणारा. बाबासाहेबांनी १९३७ ला खोतीविरुद्ध विधिमंडळात बिल मांडलं आणि पुढे १९४९ च्या कायद्यानं खोती संपली. इथल्या पाटीवर मात्र खोत अजून आहेत!

या खोतांनी जमिनीचे तुकडे दिले ते ईस्ट इंडियन कुटुंबांना. हे लोक कुठून बाहेरून आलेले नाहीत हं, इथलेच, मराठी बोलणारे, पोर्तुगीजांच्या काळात ख्रिस्ती झालेले, आणि ईस्ट इंडियन हे नाव त्यांनी १८८७ मध्ये घेतलं, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा. म्हणजे बघा, वाडीला नाव पाठारे प्रभूंचं, घरं ख्रिस्ती लोकांची, आणि तिथून जवळच केशवजी नाईकांची चाळ, जिथं १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो. मला गिरगाव आवडतं ते यासाठीच.

घरं लाकडी, कौलारू, रंगीत, जिना बाहेरून, पुढं मोकळा व्हरांडा. पूर्वी पासष्टच्या आसपास होती, आता तिसाच्याही आत आलीत. अनंताश्रम ही गोमंतकी जेवणाची नामांकित खानावळ इथलीच, तीही बंद झाली. जुनं घर सांभाळायला पैसा लागतो आणि बिल्डरची ऑफर मोठी असते, मी राहणाऱ्यांना दोष देत नाही, पण एकेक घर जातं तेव्हा जीव तुटतो हो.

तर मंडळी, मुंबईत असाल तर जाऊन या. चर्नी रोडला उतरा, चालत पोचाल, आता मेट्रोचं गिरगाव स्टेशनही झालंय. फक्त लोक तिथं राहतात हे लक्षात ठेवा, व्हरांड्यात कुणी बसलं असेल तर आधी विचारा आणि मग फोटो काढा.