डुकरीण, सॅमन आणि सिनेटर येट्स

(टेबलावर आठ नाणी, एकेक करून अगदी जवळून)

ही बघा. अर्ध्या पेनीवर डुकरीण आणि तिची पिल्लं. पेनीवर कोंबडी, तिच्यामागे पाच पिल्लं. तीन पेनीवर ससा, सहा पेनीवर वुल्फहाउंड म्हणजे तो आयर्लंडचा उंचच उंच कुत्रा. शिलिंगवर वळू, फ्लोरिनवर सॅमन मासा, हाफ क्राउनवर घोडा. आणि ही सगळ्यात धाकटी फार्दिंग, पेनीचा चौथा हिस्सा, हिच्यावर वुडकॉक नावाचा लांब चोचीचा पक्षी. राजा कुठेच नाही. पुढारी नाही, शहीद नाही, संतसुद्धा नाही. नवा देश, नुकताच ब्रिटिशांच्या हातून सुटलेला, आणि पहिलंवहिलं स्वतःचं नाणं काढताना त्यावर डुकरीण टाकतो, हे कुणाच्या डोक्यातून आलं असेल?

एका सिनेटरच्या. सिनेटर डब्ल्यू. बी. येट्स.

हो, तेच. इंग्रजी घेऊन बी.ए. केलेल्यांना कवी म्हणून पाठ असतील, बाकीच्यांना टागोरांच्या इंग्रजी गीतांजलीला प्रस्तावना लिहिणारे म्हणून ऐकून माहीत असतील. पण हा माणूस सहा वर्षं आयर्लंडच्या संसदेच्या वरच्या सभागृहात बसत होता, तिथे चांगलं कडाडून बोलत होता, ते सहसा कुणी सांगत नाही. म्हणून हा व्हिडिओ.

(मेरियन स्क्वेअर, ८२ नंबरचं दार, पावसाची झिमझिम)

डब्लिनमधला मेरियन स्क्वेअर, घर नंबर ८२. १९२२ च्या डिसेंबरात येट्स इथे राहत होते, वय ५७. आयरिश फ्री स्टेट नुकतंच जन्माला आलं होतं आणि जन्मल्याजन्मल्या यादवी युद्धात सापडलं होतं, म्हणजे काल खांद्याला खांदा लावून ब्रिटिशांशी लढलेली माणसं आज एकमेकांवर गोळ्या झाडत होती. नव्या सिनेटमध्ये ६० जागा, त्यातल्या निम्म्या सरकारप्रमुख कॉसग्रेव्ह यांनी नेमायच्या. यात बरेचसे प्रॉटेस्टंट, जमीनदार, जुन्या राजवटीच्या जवळचे लोक घेतले, कारण अल्पसंख्याकांना वाटायला हवं ना की हा देश आपलाही आहे. येट्सही प्रॉटेस्टंट घरातले. त्यांचे डॉक्टर मित्र ऑलिव्हर गोगर्टी यांनी शब्द टाकला आणि येट्सचं नाव यादीत आलं. मानधन वर्षाला ३६० पौंड.

आता हे ऐकायला मानाचं वाटतं, पण त्या वेळी सिनेटर होणं म्हणजे घराला आग लावून घेणं होतं, अगदी शब्दशः. बंडखोरांनी सिनेटरांची घरं जाळायला घेतली होती. होरेस प्लंकेट यांचं जाळलं, गोगर्टींचं समुद्राकाठचं घर जाळलं. आणि याच ८२ नंबरच्या खिडक्यांवर १९२२ च्या नाताळच्या आदल्या रात्री गोळ्या आल्या. नंतर दारात बंदूकवाला पहारा.

(लिफी नदी, हंसांची जोडी)

हे हंस बघा, यांची एक गोष्ट सांगायलाच हवी, शॉट चांगला आलाय म्हणून नाही, गोष्टच तशी आहे. १९२३ च्या जानेवारीत गोगर्टींना बंदूकधाऱ्यांनी घरातून उचललं आणि नदीकाठच्या एका रिकाम्या घरात नेलं. गोगर्टींनी काहीतरी निमित्त काढून बाहेर पाय टाकला आणि कडाक्याच्या थंडीत थेट लिफीत उडी. पोहता पोहता नदीला नवस बोलले की वाचलो तर तुला दोन हंस वाहीन. वाचले. आणि पुढच्या वर्षी खरंच हंसांची जोडी सोडली, तेव्हा काठावर कॉसग्रेव्ह होते आणि येट्सही होते. नवस फेडण्यात आयरिश माणूस आपल्यापेक्षा काही कमी नाही.

(लेन्स्टर हाउस, किल्डेअर स्ट्रीटच्या गेटबाहेरून)

हे लेन्स्टर हाउस. आतमध्ये कॅमेरा नेला नाही, म्हणून गेटमधूनच बघा. १८व्या शतकातला सरदारी वाडा, आता संसद. वरचं सभागृह, आयरिशमध्ये शॅनद, याच इमारतीत भरतं.

इथे येट्स काय करत होते? तर खूप काही. चित्रसंग्राहक ह्यू लेन यांची ३९ चित्रं लंडनने डब्लिनला परत द्यावीत म्हणून बोलले. जुन्या आयरिश हस्तलिखितांसाठी समिती मागितली. शाळांच्या इमारती किती घाणेरड्या आहेत, त्या झाडायला-पुसायला पैसे द्या, म्हणून १९२६ च्या मार्चमध्ये बोलले, आणि हे घरबसल्या नव्हतं, आधी स्वतः शाळेत जाऊन वर्गात फिरून आले होते. पण आपण नाण्यांकडे येऊ.

(परत टेबल, परत नाणी)

३ मार्च १९२६. नाण्यांचं बिल सिनेटमध्ये आलं. खरं तर रुक्ष बिल, धातू कुठला, वजन किती, असलं सगळं. येट्स उभे राहिले आणि म्हणाले की टपालाची तिकिटं आणि नाणी ही देशाच्या अभिरुचीची मुकी राजदूत असतात. झालं, अर्थमंत्री ब्लाइद यांनी समिती नेमली आणि अध्यक्ष केलं येट्सना. बोललास ना, आता कर.

समितीत पाच जण, चित्रकला जाणणारे, एक कॉर्कचे खासदार. सरकारच्या अटी मोजून तीन: एका बाजूला हार्प, म्हणजे आयर्लंडची खूण असलेलं तंतुवाद्य, हवी, अक्षरं आयरिश भाषेत हवीत आणि आजकालच्या कुठल्याही माणसाचा चेहरा नको. ही तिसरी अट मला फार आवडते. आत्ताच यादवी संपलीय, कुणाचा चेहरा टाकला तर दुसरा गट ते नाणं नदीत फेकेल.

मग काय टाकायचं? शॅमरॉक, म्हणजे आयर्लंडची ती तीन पानांची खूण? ते सगळीकडेच आहे, गुळगुळीत झालंय. संत? समितीला भीती होती की लोक नाण्याला भोक पाडतील आणि ताईत करून गळ्यात बांधतील. (आपल्याकडे तर बिनसंताच्या नाण्यालाही भोक पाडतात, पण असो.) येट्सच्या मनात होती सिसिलीतल्या ग्रीक वसाहतींची जुनी नाणी, जगातली सगळ्यात देखणी, त्यांच्यावर घोडा आहे, वळू आहे, ससा आहे. म्हणून ठरलं, प्राणी. येट्सचा युक्तिवाद सरळ होता, घोड्यावर बसणाऱ्या, सॅमन पकडणाऱ्या, गुरं पाळणाऱ्या या देशाला याहून चांगली खूण कुठली सापडणार?

(घोड्याचं नाणं हळूहळू फिरतंय)

आणि मग स्पर्धा. आयर्लंडचे शिल्पकार, शिवाय स्वीडनचे कार्ल मिलेस, इटलीचे मॉर्बिदुच्ची, अमेरिकेचे पॉल मॅनशिप, इंग्लंडचे पर्सी मेटकाफ. क्रोएशियाचे मेश्त्रोविच यांनाही बोलावलं होतं, पण त्यांचं पत्रच वेळेवर पोचलं नाही, उशिरा कळलं तर त्या भल्या माणसाने एक हार्प घडवून तशीच भेट देऊन टाकली. बाकी सगळ्यांना ग्रीक नाण्यांचे फोटो पाठवले, की हे बघा, आम्हाला या जातीचं काहीतरी हवंय.

सगळे साचे येईपर्यंत समितीने एकही बघितला नाही. मग टेबलांवर मांडले, मिलेस यांचे तेवढे शेकोटीवरच्या फळीवर, आणि जिथे सही होती तिथे वर कागद चिकटवला, म्हणजे नाव बघून कुणी भुलायला नको. हे मला वाचून एवढं भारी वाटलं, कारण सरकारी समिती म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर काय येतं ते तुम्हीच सांगा. फिरून फिरून बघितलं तर एकाच माणसाचं काम बाकीच्यांच्या पुढे, गोल जागा कशी भरायची ते त्यालाच कळलेलं. नाव बघितलं तर पर्सी मेटकाफ. इंग्रज.

(डुकरीण, अगदी जवळून)

पुढे गंमत. सरकारने चित्रं शेतीखात्याच्या जाणकारांना दाखवली. ते म्हणाले की वळू असा नसतो, डुकरीण अशी नसते, शेतकऱ्यांसमोर हिला नमुना म्हणून ठेवायची तर शरीर जातिवंत हवं. येट्सनी पुढे खट्याळपणे लिहून ठेवलंय की डुकरिणीचे ते गोबरे गाल बाजारभावापायी गेले, आणि गालांबरोबर तिची ती उचललेली मान, तो शहाणा-उर्मट भावही गेला. नवा वळू मात्र वेगळ्या तऱ्हेने तितकाच छान आहे, हे त्यांनी कबूल केलं. आता आपण बघतोय ती ही दुसरी, सुधारलेली डुकरीण. पहिली नाण्यावर आलीच नाही.

नाणी बाजारात आली १२ डिसेंबर १९२८ ला. काहींनी पेपरांत पत्रं लिहिली की ही तर पाखंडी नाणी, देवाचं नाव कुठे आहे? आणि मॉड गॉन, जिच्यावर येट्सनी जन्मभर कविता लिहिल्या, ती म्हणाली की घडवणारा इंग्रज, टांकसाळ इंग्लंडची, पैसे मात्र आयरिश जनतेचे. नाण्यांची पाडणी लंडनच्याच टांकसाळीत झाली होती, त्यामुळे बाईंचं चुकलं असंही म्हणता येत नाही.

(ओकॉनल स्ट्रीट, संध्याकाळ, पुतळे)

हा ओकॉनल स्ट्रीट. या टोकाला डॅनियल ओकॉनल, त्या टोकाला पार्नेल, दोघे आयरिश पुढारी, आणि ही मधली १२० मीटरची सुई उभी आहे तिथे तेव्हा खांबावर ब्रिटिश नौसेनापती नेल्सन होता, तो १९६६ मध्ये बॉम्बने उडवला. हे तीन पुतळे येट्सनी ११ जून १९२५ ला सिनेटमध्ये ओढून आणले.

विषय होता घटस्फोट. ब्रिटिश काळात आयर्लंडमध्ये कुणाला घटस्फोट हवा असेल तर लंडनच्या संसदेत खास बिल आणावं लागायचं. स्वातंत्र्यानंतर ते काम डब्लिनकडे आलं, तीन जणांनी बिलं टाकलीही, तर खालच्या सभागृहाने ठरवलं की असली बिलं दारातच अडवायची. कॅथलिक चर्चचं मत तेच होतं. येट्स उठले, कागदावर लिहून आणलेलं भाषण. म्हणाले, दक्षिण आयर्लंड फक्त कॅथलिक विचारांनीच चालणार असं दाखवलंत तर उत्तर आयर्लंड तुम्हाला कधीच मिळणार नाही, देशाच्या मधोमध तुम्ही पाचर मारताय. मग आपल्या रस्त्यावरच्या तिन्ही थोर पुरुषांच्या खाजगी आयुष्याकडे बोट दाखवलं, की यांचे पुतळे चालतात ना? सभापती म्हणाले, मेलेल्यांना आता सोडूया का? येट्सचं उत्तर छापील नोंदीत आहे: पुढे जातोच आहे, पण मेलेल्यांना सोडून देणं मला मुळीच आवडणार नाही.

(छापील नोंदीचं पान, ओळीवरून कॅमेरा सरकतोय)

आणि शेवटी ते वाक्य. ज्यांच्यावर तुम्ही हे लादलंत ते आम्ही क्षुद्र लोक नाही. आम्ही बर्कची माणसं, ग्रॅटनची, स्विफ्टची, एमेटची, पार्नेलची. आम्ही म्हणजे आयर्लंडचे प्रॉटेस्टंट, आणि ही सगळी त्यांच्यातलीच थोर नावं. यात थोडा घराण्याचा माज आहे, लपवण्यात अर्थ नाही, सभागृहातल्या पुष्कळांना तो झोंबलाही.

भाषणाचा उपयोग झाला नाही. १९३७ च्या घटनेत घटस्फोटावर सरळ बंदीच आली, ती १९९५ च्या सार्वमतात ९,११४ मतांनी उठली.

(लेन्स्टर हाउस, रात्र, खिडक्यांत दिवे)

१८ जुलै १९२८, येट्सचं सिनेटमधलं शेवटचं भाषण, अगदी छोटं. सिनेटरांच्या पगारावर चर्चा होती. ते म्हणाले, या सभागृहात प्रातिनिधिक माणसं येण्यापेक्षा कर्तबगार माणसं येणं जास्त महत्त्वाचं आहे. लोकशाहीच्या नजरेने बघितलं तर हे वाक्य खटकतं, मलाही खटकतं. पण आपल्या राज्यसभेत राष्ट्रपती १२ जण नेमतात, साहित्य, कला, विज्ञान, समाजसेवा यातले, ती पद्धतच मुळी आयर्लंडच्या १९३७ च्या घटनेवरून घेतलेली. आपले मामा वरेरकरही नाटककार म्हणून असेच तिथे नेमले गेले होते. असा नेमलेला माणूस सभागृहात काय करू शकतो, तर आपल्याला जे येतं ते घेऊन उभा राहू शकतो, रुक्ष बिलातही.

(येट्स यांचा जुना फोटो)

तब्येत बिघडली होती, मुदत संपली, ते बाहेर पडले. पुढे अमरावतीजवळच्या बडनेऱ्यात जन्मलेल्या श्री पुरोहित स्वामींबरोबर बसून त्यांनी उपनिषदांचं इंग्रजी भाषांतर केलं, पण तो वेगळ्या व्हिडिओचा विषय, तो करणार आहोत.

(पुन्हा टेबल, हातात सॅमनचं नाणं)

नाणी लोकांच्या खिशात पोचली तेव्हा येट्स सिनेटर नव्हते. सॅमन मात्र टिकला. शिलिंग-पेनी गेले, दशमान आलं, तरी तो दहा पेनीवर पोहत राहिला, थेट २००२ मध्ये युरो येईपर्यंत. आता आयर्लंडच्या युरोवर नुसती हार्प आहे. हे नाणं आम्ही जुन्या सामानाच्या ठेल्यावरून घेतलं, ठेलेवाल्या आजोबांनी ते उडवून झेललं आणि विचारलं, मासा की हार्प?

(नाणं हवेत)